जीर्ण नकाशाची साक्ष

पुसट झालेलीं अक्षरें पुन्हां गिरवून ठेवावीं, असा मोह जुने कागद सांभाळणाऱ्या प्रत्येकास होतो. हेतु चांगला असतो; परंतु गिरविणाराच्या हातून मूळ लिहिणाराचें म्हणणें कायमचें झाकलें जातें. ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयांत असलेला ब्रिटनचा 'गॉफ नकाशा' हेंच सांगतो.

रिचर्ड गॉफ या पुराणवस्तुसंशोधकानें तो १७७४ सालीं अवघ्या अडीच शिलिंगांस घेतला. त्याच्या मृत्युपत्रान्वयें १८०९ सालीं तो ग्रंथालयाकडे आला. चर्मपत्राचे दोन तुकडे जोडून केलेला हा नकाशा सुमारें ११५ सेंटिमीटर लांब व ५६ सेंटिमीटर रुंद आहे. त्यांत पूर्व दिशा वरच्या बाजूस आहे.

चर्मपत्र दमट हवेंत फुगतें व कोरड्या हवेंत आक्रसतें. असें वारंवार झालें कीं शाईचे व रंगांचे पोपडे सुटतात. प्रखर प्रकाशानें रंग विटतात. सम हवा व मंद प्रकाश हीच त्याची खरी शुश्रूषा होय.

परंतु विटलेलें वाचावें कसें? युरोपांतील पूर्वीच्या विद्वानांनीं कित्येक हस्तलिखितांवर मायफळाचा अर्क लाविला. अक्षरें तेवढ्यापुरतीं उठून दिसलीं. पुढें तोच भाग काळवंडून गेला. अलीकडे गॉफ नकाशाचीं छायाचित्रें प्रकाशाच्या अनेक निरनिराळ्या तरंगलांबींत घेण्यांत आलीं. डोळ्यांस सारख्याच दिसणाऱ्या दोन शाया अशा छायाचित्रांत वेगळ्या ओळखूं येतात, आणि नकाशास बोटही लावावें लागत नाहीं.

या नकाशांत स्कॉटलंडमधील नांवें पहिल्या लेखकाच्या हातचीं राहिलीं आहेत. इंग्लंड व वेल्समधील नांवांवर मात्र पंधराव्या शतकांतील दुसऱ्या हातानें लेखणी फिरविली. पृष्ठभागाच्या त्रिमितीय मोजणींत सुईनें टोचल्यासारखीं असंख्य सूक्ष्म छिद्रेंही आढळलीं. त्यांवरून हा नकाशा दुसऱ्या नकाशावरून उतरविला असावा, असें अभ्यासकांनीं अनुमान केलें.

तीं छिद्रें कोणी सद्‌भावनेनें बुजविलीं असतीं, तर ही साक्ष नष्ट झाली असती. म्हणून घरांतील वडिलोपार्जित पत्र किंवा जमिनीचा नकाशा पुसट होऊं लागल्यास त्यावर लेखणी चालवूं नये. त्याची नक्कल निराळ्या कागदावर करावी आणि मूळ कागद आहे तसाच उन्हापासून व ओलाव्यापासून दूर ठेवावा.