टे नदीवरची एक संध्याकाळ
७ ऑक्टोबर १९२२. स्कॉटलंडमधल्या टे नदीवर दिवस मावळत आला होता. नावेत जॉर्जिना बॅलन्टाइन आणि तिचे वडील. तिच्या गळाला सॅल्मन लागला आणि पुढचे दोन तास ती दोरी सैल सोडत, पुन्हा गुंडाळत झुंजत राहिली. अंधारात मासा वर आला. वजन भरलं ६४ पौंड, म्हणजे २९ किलो! गंमत अशी, की अंडी घालायला समुद्रातून नदीत परतलेला सॅल्मन काही खात नाही. तरी गळावर झडप घालतो. चिडून की जुन्या सवयीनं, कोण जाणे! गळानं पकडलेल्या सॅल्मनचा ब्रिटनमधला विक्रम आजही जॉर्जिनाच्याच नावावर आहे.