चाली गळ्यात अडकल्या आहेत



मलकापूरकरांनी या ख्रिस्ती साहित्य मेळाव्याचं अध्यक्षपद मला दिलं, त्यांचे आभार. गाडी उशिरा आली तरी स्टेशनवर न्यायला माणूस उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आठी नव्हती, याची खास नोंद करतो. स्वयंपाकघरातल्या भगिनींचे आभार सगळे शेवटी मानतात. मी ते आधीच मानून मोकळा होतो.

अध्यक्षाने साहित्याचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. मी तो लिहून आणलाय. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 सालचं, अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ निघालं 1842 साली, बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ 1857 मधलं. आपल्या डोळ्यांदेखत 2020 साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चारशे वर्षांची ही परंपरा तुम्हाला पाठ आहे. उरलेले कागद चिटणीसांकडे देतो, त्यांनी स्मरणिकेत छापावेत. मला वेगळंच बोलायचंय, आणि ते बोलायला व्यासपीठ मिळेपर्यंत केस पांढरे झाले.

सकाळच्या परिसंवादात विषय होता, तरुण मुलं चर्चच्या मंडळीपासून दूर का जातात. एका वक्त्याने मोबाइलला धारेवर धरलं, दुसऱ्याने इंग्रजी शाळांना. तिसऱ्याने हिंदी-इंग्रजी वर्शिपच्या गाण्यांना असं झोडपलं की कीबोर्डजवळ बसलेला मुलगा खाली मान घालून वायरी गुंडाळू लागला. समोर पहिल्या चार रांगांत सगळे साठीच्या पुढचे. ज्यांच्याविषयी चर्चा चालली होती ते मागे पाण्याचे जार उचलत होते, खुर्च्या मांडत होते. त्यांच्यातल्या एकालाही कुणी माइक दिला नाही. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

आपल्या मंडळ्यांत तरुणांचा कार्यक्रम म्हणजे काय? तरुण संघाची मुलं तीन गाणी म्हणतात, एकजण बिचकत साक्ष देतो, आणि मग एक ज्येष्ठ उभा राहून पाऊण तास मार्गदर्शन करतो. आमच्या काळी आम्ही किती मैल चालत शब्बाथशाळेला जायचो, हे त्यात असतंच. मुलं ऐकतात, कारण दार त्याच्या पाठीमागे असतं. मीही आत्ता भाषणच करतोय, हे मला कळतं. तरी माझं म्हणणं असं की अशा भाषणांनी आजवर एकही तरुण घडलेला मी पाहिलेला नाही. जे घडले ते कुणाच्या तरी शेजारी बसून घडले.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच पाहा. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक गोरा सहप्रवासी भेटला. गप्पा कवितेवरून सुरू झाल्या असं सांगतात. उतरताना त्याने हातात नवा करार ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थाने समोरच्या माणसाला काय आवडतं ते आधी विचारलं, एवढंच मला त्यातून घ्यायचंय.

पुढे 1907 मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराने तिथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला बालकवी म्हणून गौरवलं. गौरव करणारे पुष्कळ असतात. टिळकांनी या पोराला नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. त्याच्या लहरी, त्याचं रुसणं-फुगणं घरादाराने सोसलं, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं जेवू घातलं. तो ख्रिस्ती झाला नाही, पण म्हणून टिळकांच्या घरचं त्याचं ताट कुणी उचललं नाही. 1918 च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रुळांवर तो गेला. इथून भुसावळच्या पुढे, आपल्याच लाइनीवर. वर्षभराने टिळकही गेले. नगरच्या त्या घरात काय घडलं, याचा अहवाल कोणत्याही समितीने लिहिलेला नाही. लक्ष्मीबाईंनी लिहिलं.

आणि लक्ष्मीबाईंना लिहितं कुणी केलं? मुलाने. देवदत्तांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून ते आईच्या मागे लागले की आठवणी लिहून दे. बाई लग्नानंतर अक्षरं शिकलेली, जोडाक्षरांची आणि त्यांची कधी गट्टी जमली नाही. तरी 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने छापून आली आणि मराठी गद्याची श्रीमंती वाढली. तेव्हा तरुणांनो, तुम्हीही सुटणार नाही. देवदत्त मागे लागले नसते तर ते पुस्तक आपल्या हाती आलं नसतं. तुम्ही आपल्या आजीच्या मागे कधी लागलात?

आता गाण्यांच्या भांडणाकडे येतो. हिंदी गाणी नकोत, आपलं ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तकच हवं, असं सकाळी ठासून सांगितलं गेलं. मी स्वतः पेटीवर ‘उपासना संगीत’ वाजवण्यात जन्म घालवलाय. तरी सांगतो, हा वाद व्यासपीठावर सुटणार नाही. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली, टिळकांनी अभंग-भजनं देवळात आणली, तेव्हा तीही नवीच होती. झांज कशाला, असं म्हणणारे तेव्हाही असतीलच. आज आपण त्यांच्या खुर्चीत बसलोय.

माझ्या ओळखीच्या एका मंडळीतली गोष्ट सांगतो. गावाचं नाव घेत नाही. एक म्हातारी वारली. तिने सांगून ठेवलं होतं की मातीच्या वेळी अमुक गायन म्हणा. दफनभूमीत पुस्तक उघडलं. शब्द होते. शब्दांच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एका जुन्या नाटकातल्या पदाचे दोन शब्द छापलेले. ते पद त्या गर्दीत एकालाही येत नव्हतं. पाळकसाहेबांनी दुसऱ्याच चालीत सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला अक्षरं उरली, तिसरीला कमी पडली. कडव्याच्या शेवटी सगळे पुटपुटू लागले. म्हातारीची नात अकोल्याला नर्सिंग शिकणारी, ती पुस्तक मिटून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. मलाही ती चाल येत नव्हती, पण कुणाला येत असेल ते ठाऊक होतं. रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्य काढलेले एक बुवा शेजारच्या खेड्यात होते, दम्याने खाटेला खिळलेले. आम्ही गेलो. पोरीने मोबाइल उशाशी ठेवला. बुवांनी खाटेच्या गातावर बोटांनी ठेका धरला आणि पहिलं कडवं म्हटलं. खोकल्याने दोनदा थांबले. मग तिला म्हणायला लावलं. ती आजकालच्या गाण्यांच्या सवयीने पळत सुटली. बुवा म्हणाले, ‘घाई नोको करू माय. तिथं दम घे जरासा.’ ती जागा आली की ते बोट वर उचलायचे आणि तिथेच धरायचे. पोरगी थांबायची. चार-पाच वेळा झालं आणि चाल तिच्या गळ्यात बसली.

त्यानंतर ती उठेल असं मला वाटलं. ती बसून राहिली. तुम्हाला हे कुणी शिकवलं, असं तिने विचारलं. बुवांनी आपल्या आजाचं सांगितलं, दुष्काळात आईबाप गेलेलं ते पोर मिशनच्या वसतिगृहात कसं वाढलं ते सांगितलं. आपल्या वऱ्हाडात अलायन्स मिशनचं काम अकोल्याच्या आधाराने पसरलं, आणि 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी किती घरं मोडली, हे इतिहासात वाचायला मिळतं. त्या पोरीने ते खाटेवरच्या माणसाच्या तोंडून ऐकलं. मग तिने आपलं सांगितलं. रात्रपाळी झेपत नाही, शिक्षण सोडावंसं वाटतं. बुवांनी उपदेश केला नाही. रुळावर रात्रीची गस्त घालताना झोप आली की आपण काय करायचो, तेवढं सांगितलं. पुढे बुवा असेपर्यंत ती दर रविवारी त्यांना फोन करायची. कधी ते तिला वचन वाचून दाखव म्हणायचे, कधी नुसतं जेवलीस का विचारायचे. आज ती पुण्यात नोकरीला आहे आणि तिथल्या तरुण संघाला तीच चाल शिकवते. गिटारवर. जिथे दम घ्यायचा तिथे पोरं दम घेतात, हे मी तिने पाठवलेल्या व्हिडिओत पाहिलंय.

म्हणून पोरं पुण्या-मुंबईला गेली, आता संबंध संपला, हे सकाळचं रडगाणंही मला मान्य नाही. ती मलकापूर सोडून गेली कारण इथे जिनिंगांत आणि शेतीत सगळ्यांना पुरेल एवढं काम नाही. ती विश्वास सोडून गेली असं कुणी ठरवलं? आपण फोन केला का? वर्गणीची आठवण करायला केलेला फोन मी धरत नाही.

थोडं कडू बोलतो. मिशनरी गेले आणि देवळाच्या किल्ल्या आपल्या कमरेला आल्या. त्या तिथेच राहिल्या. पेटीच्या खोलीची किल्ली, ध्वनिक्षेपकाच्या कपाटाची किल्ली, बाप्तिस्म्याच्या जुन्या रजिस्टरांची किल्ली. वीस वर्षांच्या पोराला गिटार वाजवायची तर अर्ज करावा लागतो, अर्ज समितीपुढे जातो, नाताळचा अर्ज ईस्टरला मंजूर होतो. जागेच्या कज्ज्यांसाठी कोर्टात हेलपाटे घालायला आपल्यात ताकद असते, पोराशेजारी तासभर बसायला गुडघे दुखतात. मुलं हे सगळं बघतात. ती आपलं भाषण ऐकत नसतील, पण आपल्याला बघतात जरूर.

काय करायचं, असं विचाराल. माझ्याकडे योजना नाही. जुन्या चालींचं ध्वनिमुद्रण व्हावं, रजिस्टरं उघडावीत, म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत उतरवून ‘ज्ञानोदया’कडे पाठवाव्यात, असं काहीबाही डोक्यात आहे. पुढच्या मेळाव्यापर्यंत थोडंफार हाती लागावं. फक्त यासाठी समिती नेमू नका, एवढी विनंती आहे. समिती नेमली की अध्यक्ष लागतो, आणि अध्यक्ष कोण होणार हे मला आत्ताच समोर दिसतंय.

आजच्यापुरतं एक होऊ शकतं. आता जेवणाची सुट्टी आहे. पहिल्या चार रांगांतल्या मंडळींनी आज आपल्या वयाच्या पंगतीत बसू नये. ज्यांना जुनी चाल येते, एखादं कडवं का होईना, त्यांनी मागे खुर्च्या मांडणाऱ्या पोरांपैकी एकाच्या शेजारी पान घ्यावं, आणि पहिला घास त्याची चौकशी करत घ्यावा. पोरांनो, तुम्ही मोबाइल आत्ताच चार्जिंगला लावून ठेवा. पेटी मी मागच्या खोलीतून बाहेर काढायला सांगितली आहे, कुलूप लावू नका.