थंडाई कोणी घोटली?



माझ्या लहानपणी आमच्या छत्रीबागेत, होळकरांच्या छत्र्यांपासून हाकेच्या अंतरावर, एक तालीम होती. दंगल जवळ आली की तिथले वस्ताद पठ्ठ्यांना बजावायचे : आपली थंडाई आपणच घोटायची, आणि लोटा एकदा खाली ठेवला की तो पुन्हा तोंडाला लावायचा नाही. बदाम, खसखस, बडीशेप, काळी मिरी सगळं पोरं स्वतः वाटायची. आम्हांला वाटायचं, म्हातारा संशयी आहे.

२०१६ साली पैलवान नरसिंग यादवचं प्रकरण गाजलं, तेव्हा मला हा लोटा आठवला. मुंबईत वाढलेला, दूध घालणाऱ्याचा हा मुलगा, सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. २०१५च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवून त्यानं ७४ किलो गटात भारतासाठी रिओ ऑलिंपिकची जागा आणली. ती जागा आपल्याला लढून मिळावी म्हणून दुसरा पैलवान सुशीलकुमार दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला, हरला. मग २५ जूनला सोनिपतच्या शिबिरात घेतलेल्या नरसिंगच्या नमुन्यात मेथँडिएनोन सापडलं. ताकद वाढवणारं, बंदी असलेलं स्टेरॉइड. त्याचं म्हणणं एकच : माझ्या खाण्यापिण्यात कोणीतरी मिसळलं. आपल्या उत्तेजकविरोधी नाडा संस्थेच्या समितीनं ते मानलं, १ ऑगस्टला त्याला मोकळं केलं. वाडा ही तशीच जागतिक संस्था मात्र क्रीडा लवादाकडे गेली. १९ तारखेला कुस्ती, आणि १८ला निकाल : चार वर्षं बंदी. घातपाताचा भक्कम पुरावा नाही, आणि हे औषध गोळीतून, एकाहून अधिक वेळा, जाणूनबुजून घेतलं असण्याचीच शक्यता जास्त, असं लवादाचं मत पडलं. इकडे तालमीतालमीतून लोक आजही दोन बाजूंनी भांडतात. मला विचाराल तर खरं काय ते त्या पेल्यालाच ठाऊक. पण नुसता संशय म्हणजे पुरावा नव्हे, हेही तितकंच खरं.

आता दुसरा माणूस बघा. इथे कट नाही, वैरी नाही, आहे फक्त सर्दी.

ॲलन बॅक्स्टर, स्कॉटलंडचा. २००२, सॉल्ट लेक सिटी. स्लॅलम, म्हणजे उतारावर रोवलेल्या खांबांमधून नागमोडी घसरत जायचं. तो तिसरा आला. ब्रिटनला स्कीच्या शर्यतींत तोवर एकही ऑलिंपिक पदक मिळालं नव्हतं. नाक चोंदलं होतं म्हणून त्यानं अमेरिकेतल्या दुकानातून विक्सची नाकात ओढायची नळी घेतली होती. घरी लहानपणापासून वापरत आलेली, तेच नाव. पण तेव्हा अमेरिकन नळीत लेवमेथाम्फेटामिन होतं, ब्रिटिश नळीत नव्हतं. चाचणीत ते निघालं, आणि पदक गेलं. ते चौथ्या आलेल्या ऑस्ट्रियाच्या बेंजामिन राइशला मिळालं. बॅक्स्टरनं दाद मागितली. लवादानं त्याला प्रामाणिक माणूस म्हटलं, फायदा लाटायचा हेतू नव्हता हेही मानलं, पण पदक दिलं नाही.

इथे नियमाची खोच आहे. बंदी किती काळ, हे ठरवताना हेतू बघतात. म्हणून बॅक्स्टरला स्की महासंघाकडून तीन महिने, नरसिंगला चार वर्षं. पण त्या शर्यतीतल्या पदकाच्या बाबतीत हेतूला जागाच नाही : शरीरात सापडलं, विषय संपला. कडू आहे, पण गरजेचं. नाहीतर प्रत्येक जण म्हणेल, मला काय माहीत! तरी त्या नळीपुरतं माझं मन बॅक्स्टरकडेच झुकतं. थंडीच्या दिवसांत औषधाच्या दुकानातून सर्दीची गोळी घेताना मागची बारीक अक्षरं आपल्यापैकी कोण वाचतं? मी तर चष्मा घरीच विसरलेला असतो.

वस्ताद असं काही समजावत बसत नसत. एखाद्यानं लोटा ओट्यावर ठेवलेला दिसला, की ते न बोलता उठायचे, तो उचलायचे आणि कडुनिंबाच्या मुळाशी ओतून टाकायचे. बदामांसकट.