जगाच्या चुली आणि आपली भाकरी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



‘देशोदेशीचे आवडते पदार्थ’ हा विषय मला देताना संयोजकांच्या मनात बहुधा इराणचा पुलाव, तुर्कस्तानचे कबाब, अरबस्तानचा हरीस असे काही असावे. त्यांची वर्णने ऐकून तुमच्या तोंडाला पाणी सुटेल यात शंका नाही. पण दावतीचे पदार्थ आपण वर्षातून चार वेळा खातो. गरीब माणूस ज्यावर रोज जगतो तो त्या मुलखाचा खरा पदार्थ, असे माझे मत आहे. म्हणून मी तुम्हाला साध्या चुलींपाशी नेणार आहे. तेथे निरक्षर बायकांनी जी विद्या सांभाळली, ती मोठमोठ्या डॉक्टरांनाही फार उशिरा कळली.

प्रथम मेक्सिकोकडे चला. तेथील रोजची भाकरी म्हणजे मक्याची तोर्तिया. आपण धान्य सरळ जात्यावर घालतो. तेथील बाई तसे करीत नाही. ती मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजविते आणि रात्रभर त्याच पाण्यात ठेवते. पानाला लावतात तोच हा चुना. सकाळी दाणे चोळून धुतले की साली निघून जातात. मग ते ओले दाणे पाट्यावर वाटायचे, पिठाचा गोळा थापायचा आणि मातीच्या तव्यावर भाजायचा. ही रीत तेथे तीन हजार वर्षांहून जुनी आहे. का करता म्हणून विचारले असते, तर साल सुटते, पीठ चिकट होते, भाकरी तुटत नाही, एवढेच उत्तर त्या बाईने दिले असते.

सन १४९२ मध्ये कोलंबस त्या खंडाकडे पोहोचला आणि त्यानंतर मका युरोपात आला. पीक भरघोस, भाव स्वस्त; स्पेन आणि उत्तर इटलीतील गरीब शेतकरी मक्यावरच जगू लागले. मात्र धान्य जहाजातून आले, ते रांधणारी बाई मागेच राहिली. चुन्याची रीत कोणी विचारलीही नाही. रानटी लोकांकडून काय शिकायचे, हा त्या काळच्या विजेत्यांचा तोरा!

पुढे काय झाले ते ऐका. १७३५ च्या सुमारास गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याला शेतकऱ्यांमध्ये एक विचित्र रोग आढळला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलून निघे, जुलाब लागत आणि शेवटी वेड लागून माणूस मरे. इटलीत या रोगाला ‘पेलाग्रा’ म्हणजे खरखरीत कातडी असे नाव पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातही त्याने हजारोंचे बळी घेतले. हा संसर्ग असावा असे पुष्कळ डॉक्टर धरून चालले होते. १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की दोष आहाराचा आहे. आणि १९३७ मध्ये त्यावरचे औषध नायसिन हे जीवनसत्त्व असल्याचे सिद्ध झाले. मक्यात नायसिन असते, पण ते बांधलेले असते; शरीराला मिळत नाही. चुन्याचे पाणी ती गाठ सोडविते. मेक्सिकोतील बाई हजारो वर्षे रोज रात्री हेच करीत होती आणि वर घेवड्याची उसळही वाढीत होती. पेलाग्रा तिच्या घरी क्वचितच आला.

(विद्यार्थ्यांनो, घरी चुन्याचे प्रयोग करू नका. डोळ्यात उडाला तर घात होतो.)

भाताची गोष्टही अशीच आहे. जावा बेटावर डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान बेरीबेरी या पाय लुळे करणाऱ्या रोगाचे कारण शोधीत होते. त्यांच्या कोंबड्यांना इस्पितळाच्या भटारखान्यातील उरलासुरला पांढरा भात मिळे, आणि त्यांचे पाय लटपटू लागले. पुढे नवा आचारी आला. फौजेचा भात कोंबड्यांना कशाला, म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्या कोंड्यासकटचा साधा तांदूळ खाऊ लागल्या आणि बऱ्या झाल्या! या शोधाबद्दल आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आचाऱ्याला काही मिळाले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस मलायातही असेच दिसून आले. पॉलिशचा पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर बेरीबेरीने आजारी पडत, तर उकडा तांदूळ खाणाऱ्या तामिळ मजुरांना तो रोग क्वचित होई. भात सालीसकट उकडला की सालीखालचे जीवनसत्त्व दाण्यात मुरते आणि पुढे सडला तरी बरेचसे टिकते. कोकण-गोव्यात उकड्या तांदळाची पेज पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आज पाहुणे आले की आपण तोच तांदूळ मागे लपवितो आणि पांढराशुभ्र भात पुढे करतो.

आता हबशाकडे, म्हणजे इथिओपियाकडे वळू. मक्केतील छळाला कंटाळून पहिले मुसलमान नजाशीच्या आश्रयाला गेले, तोच हा मुलूख. तेथील रोजचे अन्न इंजेरा. टेफ नावाचे खसखशीसारखे बारीक धान्य दळून, पीठ कालवून दोन-तीन दिवस आंबवितात आणि मोठ्या तव्यावर जाळीदार घावन घालतात. सारे घर एकाच थाळीभोवती बसून हाताने खाते, हे आपल्याला परके वाटणार नाही. आंबविल्याने धान्यातील लोह शरीराला अधिक मिळते.

आणि आपली नाचणी? तिचे मूळ माहेरही पूर्व आफ्रिकेच्या त्याच डोंगराळ पठारांवर. प्राचीन काळीच ती आपल्याकडे आली आणि आपल्या बायकांनी तिची आंबील केली, मोड आणून बाळासाठी सत्त्व केले. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. कोणत्याही नेहमीच्या धान्यात इतके नाही. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हापासून शहरात नाचणीची बिस्किटे महाग भावाने विकली जातात. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचा. पुष्कळदा मैदाच आधी लिहिलेला असतो.

माता-भगिनींनो, २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. आपल्या मुली त्यांत नाहीत असे समजू नका. वर्गात डुलकी घेणारी मुलगी आळशीच असते असे नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या जरूर द्या. भाकरी त्यांची जागा घेणार नाही. पण डब्यात बिस्किटांचा पुडा देण्याऐवजी भाकरी आणि उसळ द्या, वर लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा मात्र बंद करा. लिंबू लोह मिळवून देते, चहा ते अडवितो. जुने ते सगळे सोने असेही मी म्हणणार नाही. इफ्तारला रोज तळणच हवे, ही रीत जितकी लवकर सुटेल तितकी बरी.

आणि भाकरीचा डबा पाहून हसणाऱ्या मुलांना मेक्सिकोची गोष्ट सांगा.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी एक काम. येत्या सुट्टीत दादी किंवा नानीजवळ वही घेऊन बसा. आंबील किती तास ठेवायची, थंडीत किती आणि उन्हाळ्यात किती, मोड किती लांब आले की नाचणी वाळवायची, कोणत्या भांड्यात ठेवायचे नाही, सारे विचारा. ती ‘अंदाजाने’ म्हणेल. तिचा अंदाज वाटीने मोजा, घड्याळाने मोजा. प्रयोगवहीत उजव्या पानावर कृती लिहा, डाव्या पानावर चूल आणि भांड्यांची आकृती काढा आणि खाली तिचे नाव घाला.