कचेरीतील माणसाने काय वाचावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस आज ह्या व्यासपीठावर उभे केले, त्याचे कारण आमची विद्वत्ता नव्हे. काशीनगरीत विद्वत्तेचा तोटा कधीच नव्हता आणि दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत वाढलेल्या आपल्या मंडळींना तर ती परक्याकडून घेण्याची गरजच पडली नाही. आम्ही पडलो केंद्र सरकारच्या कचेरीत तीस वर्षे टिपण्या लिहिणारे साधे बी. ए. परंतु आपल्यातील काही मुलेमुली नुकतीच बँकेत, रेल्वेत, आयकर खात्यात रुजू झाली आहेत. नोकरीत आपली वाढ व्हावी म्हणून काय वाचावे, असे त्यांनी चिटणिसांना विचारले आणि चिटणिसांनी तो प्रश्न, कचेरीच्या भाषेत बोलायचे तर, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' आमच्याकडे पाठवून दिला.

आता यशाची गुरुकिल्ली सांगणारी पुस्तके स्टेशनावरील प्रत्येक स्टॉलवर रचून ठेवलेली असतात. आम्ही ती वाचलेली नाहीत असे म्हटले तर ते खोटे ठरेल. डेल कार्नेगी ह्यांचे १९३६ सालचे सुप्रसिद्ध पुस्तक आम्ही नोकरीच्या पहिल्याच वर्षी विकत घेतले. समोरच्या माणसाचे नाव लक्षात ठेवावे, हा त्यातील उपदेश आम्हांस जन्मभर उपयोगी पडला. हसतमुख राहावे, हा दुसरा उपदेश आम्ही आठवडाभर निष्ठेने पाळला. तेव्हा आमच्या शिपायाने आमची प्रकृती बरी आहे ना, अशी काळजीने चौकशी केली. अशा पुस्तकांना आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु ती वाचून झाल्यानंतरही आमच्या हातून एक गोष्ट घडली. ती सांगितल्यावाचून पुढील यादीला काही अर्थ राहणार नाही.

आमच्या नोकरीचे दहावे-बारावे वर्ष असेल. गाव काशी नव्हे, दुसरे. चतुर्थ श्रेणीच्या एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंबनिवृत्तिवेतनाचे प्रकरण आमच्या टेबलावर आले. सेवापुस्तिकेतील तिचे नाव आणि अर्जातील नाव ह्यांत एका मात्रेचा फरक होता. आम्ही वरची दोन पाने चाळली आणि 'नावात तफावत. प्रतिज्ञापत्र मागवावे' असा सुवाच्य शेरा मारून फाइल खाली पाठविली. ती फिरत राहिली. स्मरणपत्रे गेली, उत्तरे आली, ती दुसऱ्याच फाइलीला लागली. अकरा महिन्यांनी ती बाई स्वतः मुलाला घेऊन आली. प्रतिज्ञापत्र आपण पहिल्याच अर्जासोबत दिले होते, एवढेच ती शांतपणे म्हणाली. आम्ही तिच्यासमोर फाइल तळापासून उलगडली. कागद तेथेच होता, तारखेसह, शिक्क्यासह. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. मुलाची शाळा सुटली होती. तो चहाच्या दुकानात कपबश्या विसळीत होता.

त्या अकरा महिन्यांत आम्ही वेळेवर कचेरीत गेलो होतो, कोणाचा पैसा घेतला नव्हता आणि आमचा गोपनीय अहवाल उत्तम होता.

पुढे कित्येक दिवसांनी, आईने बदलीच्या गावी सोबत दिलेला दासबोध आम्ही सहज उघडला. लहानपणी घरात त्याची पारायणे ऐकली होती. अर्थाकडे लक्ष देण्याचे ते वय नव्हते. दुसऱ्या दशकातील पढतमूर्खाची लक्षणे वाचताना एका ठिकाणी आम्ही थबकलो. मुळापासून ग्रंथ न पाहता जो उगाच दूषण ठेवतो तो पढतमूर्ख, असे समर्थांनी म्हटले आहे. ग्रंथाच्या जागी फाइल हा शब्द घातला की आमची सेवापुस्तिका तयार! तेव्हापासून कोणतीही फाइल आम्ही तळाच्या कागदापासून वाचतो. आता ई-ऑफिसच्या पडद्यावर तळ शोधणे काहीसे कठीण झाले आहे, पण अशक्य नाही.

म्हणून आमच्या यादीतील पहिले पुस्तक दासबोध. दोनशे समास वाचण्याचा धीर नसेल तर निदान एकोणिसाव्या दशकातील पहिला, लेखनक्रियेचा समास वाचा. अक्षर वाटोळे आणि सुटे असावे, ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच हाताचे वाटावे, हे तर त्यात आहेच. परंतु कागदाच्या चहूबाजूंस जागा सोडावी, म्हणजे कडा झिजल्या तरी अक्षर जाणार नाही. तरुण डोळ्यांना रुचते म्हणून फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, असेही समर्थ सांगतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक संन्यासी कागदाच्या समासाचा विचार करतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे तो कागद पुढे हाती घेणारा माणूस उभा आहे. आमच्या खात्याच्या नमुन्यांतील बारीक टाइप पाहिला की आम्हांस हा समास हटकून आठवतो.

ज्या काशीत आपण बसलो आहोत, तेथेच १५७३ साली एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका पूर्ण केली. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, म्हणजे सरकारी अंमलदारच. एका पैची चूक शोधण्यासाठी नाथ रात्रभर हिशेबाच्या वह्या घेऊन बसले आणि ती सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली, ही आख्यायिका आपण कीर्तनात ऐकतो. एवढे लक्ष ईश्वराकडे लावलेस तर काय होईल, हे गुरूंचे उद्गार बुवा रंगवून सांगतात. आम्हांस मात्र त्या आधीच्या रात्रीविषयी अधिक आदर वाटतो.

आता थोडे आपल्या विद्यापीठाकडे वळू. बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला सयाजीराव गायकवाडांचे नाव आहे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. आपली मुले त्याच्या गोल वाचनकक्षात अभ्यास करून मोठी झाली. परंतु ज्यांच्या देणगीतून ही वास्तू उभी राहिली, ते महाराज बारा वर्षांचे होईपर्यंत निरक्षर होते, हे कितीजणांस माहीत असेल? नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा तो शेतकरी घरातील मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. त्याला राज्यकारभार शिकविण्याचे काम दिवाण सर टी. माधवरावांकडे आले. माधवराव हे तंजावरी मराठी घराण्यातील, जन्म कुंभकोणमचा. त्रावणकोर आणि इंदूर ह्या संस्थानांची दिवाणगिरी करून ते बडोद्यास आलेले. मराठी माणूस घरापासून दूर गेला की काय करू शकतो, ह्याचे उदाहरण आपणांस दूर शोधावयास नको.

१८८१ साली, महाराजांना पूर्ण अधिकार मिळण्याच्या आधी, माधवरावांनी त्यांना जी व्याख्याने दिली ती 'मायनर हिंट्स' ह्या नावाने छापली गेली. कारभाऱ्याच्या जडणघडणीसाठी मुद्दाम रचलेले असे दुसरे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. प्रजेचे सुख हेच राजाचे पहिले कर्तव्य, स्वतःच्या लहरीपेक्षा कायदा मोठा, राजवाड्याच्या खर्चाला मर्यादा हवी, अशा गोष्टी एक वृद्ध अनुभवी गृहस्थ अठरा वर्षांच्या सत्ताधीशाला न घाबरता आणि न दुखवता सांगत आहे. राहुल सागर ह्यांनी संपादित केलेली तिची नवी आवृत्ती २०२२ साली 'द प्रोग्रेसिव्ह महाराजा' ह्या नावाने निघाली आहे. भाषा जुन्या वळणाची आहे, सूर क्वचित उपदेशकाचा होतो, तरी वाचाच. शिष्य कसा निघाला ते आपण जाणतो. गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासावर त्याने स्वतः टिपणे काढून १८९६ साली छापली, आणि १९०६ साली आपल्या संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

मसुदा कसा लिहावा ह्यासाठी सर अर्नेस्ट गॉवर्स ह्यांचे 'प्लेन वर्ड्स' पाहावे. ब्रिटिश अर्थखात्याच्या विनंतीवरून, सरकारी नोकरांसाठीच ते १९४८ साली लिहिले गेले. वाचणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून लिहा, हे त्यातील सार. अर्थात त्याहून सरस मसुदा आपल्या घरी आहे. शिवाजी महाराजांनी १६७०च्या दशकात चिपळूणकडील लष्कराला लिहिलेले पत्र शाळेत शिकला असाल. ते पुन्हा, कचेरीच्या नजरेने वाचा. दाणावैरण बेफिकिरीने संपविली तर पावसाळ्यात काय होईल, मग शिपाई रयतेच्या घरात कसे शिरतील, रयतेला मोगल बरे कसे वाटू लागतील, रात्री दिव्याची जळती वात उंदीर कसा पळवील आणि गवताच्या गंजीला आग कशी लागेल, एकापुढे एक सारे मांडले आहे. हुकूम आहे, आणि हुकमाचे कारणही आहे. आमच्या परिपत्रकांत पहिलेच तेवढे असते.

पीटर ड्रकर ह्यांच्या १९६७ सालच्या 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह' मध्ये आपला वेळ खरोखर कोठे जातो ह्याची नोंद ठेवण्यास सांगितले आहे. आम्ही महिनाभर ठेवली. 'तातडीचे' असा शिक्का असलेल्या कागदांनी सकाळ खाल्ली आणि त्यांतील निम्मे कागद तातडीचे नव्हते, हे पाहून आम्हांस आमचीच लाज वाटली. पार्किन्सनचे पुस्तक विनोदी आहे, पण त्यातील आकडे हसू देत नाहीत : १९१४ ते १९२८ ह्या काळात ब्रिटिश आरमाराच्या मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या आणि आरमार-कचेरीतील अधिकारी २,००० वरून ३,५६९ वर गेले. टिळकांचे 'गीतारहस्य' आम्ही तीनदा आरंभिले. पूर्ण एकदाच झाले. विनोबांची 'गीताप्रवचने' मात्र महानगरी एक्स्प्रेसमध्ये बसल्या बसल्या वाचता येतात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ती झाली आणि साने गुरुजींनी टिपून घेतली. वेळ मिळत नाही म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की चिंतामणराव देशमुखांनी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद आणि देशाचे अर्थखाते सांभाळलेच, शिवाय 'मेघदूता'चे मराठीत पद्य भाषांतरही केले.

परंतु आमचा खरा आग्रह कथा-कादंबऱ्यांसाठी आहे. येथे काही वडीलधाऱ्यांच्या भुवया वर गेलेल्या दिसतात. त्यांची क्षमा मागतो. व्यवस्थापनाची सारी पुस्तके टेबलाच्या आतल्या बाजूस बसून लिहिलेली असतात. बाहेरच्या बाजूस उभे राहिल्यावर काय दिसते, ते कादंबरीकार दाखवितो. आपल्या शेजारच्या लमहीत जन्मलेले प्रेमचंद स्वतः शिक्षणखात्यात शाळा तपासनीस होते. १९२१ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली. त्यांची 'नमक का दारोगा' ही कथा प्रत्येक नव्या नोकराने वाचावी. शेवट फार गोड आहे, हे मान्य. बडतर्फ झालेल्या प्रामाणिक माणसाला शोधीत श्रीमंत आरोपीच घरी येतो, असे आमच्या तीस वर्षांत घडलेले नाही. श्रीलाल शुक्ल तर उत्तर प्रदेशच्याच प्रशासकीय सेवेतले. त्यांच्या १९६८ सालच्या 'राग दरबारी'त लंगड नावाचा एक गृहस्थ आहे. तहसिलीतून एका कागदाची नक्कल त्याला हवी आहे, आणि ती लाच न देता, नियमानेच हवी आहे. कारकूनही ती नियमानेच देणार आहे. कधी अर्जात खोट निघते, कधी फलकावरची सूचना त्याने वेळेत पाहिलेली नसते. पुस्तकभर तो खेटे घालतो. लोक वाचताना खदखदा हसतात. आम्ही हसू शकलो नाही. आम्हांस प्रतिज्ञापत्र घेऊन आलेली ती बाई दिसत होती. तिचे निवृत्तिवेतन पुढे महिन्याभरात सुरू झाले, थकबाकीही मिळाली. मुलगा शाळेत परत गेला की नाही, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही, आणि मग आमची बदली झाली.

मराठीत त्या तोडीचे पुस्तक म्हणजे विश्वास पाटलांची 'झाडाझडती'. १९९१ साली प्रसिद्ध झालेली, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणाखाली गाव गेलेल्या माणसांची आहे, आणि ती लिहिणारा लेखक प्रशासनातलाच होता. भूसंपादन, पुनर्वसन, पर्यायी जमीन हे आपण रोज लिहितो ते शब्द तिथे घरे सोडून रस्त्यावर आलेले दिसतात. एका बैठकीत ती वाचवत नाही. आम्हांस दोन महिने लागले.

मुलांनो, एक सूचना. ही सारी पुस्तके विकत घेण्याची घाई करू नका. इंग्रजी पुस्तके विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाहावीत. दासबोध आपल्या मंडळाच्या कपाटात दोन प्रतींत आहे. त्यांतील मोठ्या टाइपाची प्रत आम्ही आजच्या दिवशी दिली आहे. तिच्या दुसऱ्या दशकातील एका पानाच्या कडेला पेन्सिलीने एक फाइल क्रमांक लिहिलेला आढळेल, तो कृपा करून कोणी पुसू नये. कपाटाची किल्ली चिटणिसांकडे असते आणि रविवारी आरतीनंतर ते कपाट उघडतात. 'झाडाझडती'ची मंडळाची प्रत मात्र दोन वर्षांपासून बाहेर आहे. नोंदवहीतील सही आम्ही मुळापासून तपासली, पण ती वाचता येत नाही. ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती गणेशोत्सवापूर्वी परत करावी. त्यांस नाव विचारले जाणार नाही.