कुटुंबोपचार आणि संस्कृती



वाट चुकलेल्या मुलाला घेऊन आईवडील समुपदेशकाकडे जातात, तेव्हा घराचे संस्कार, मानपान आणि भीतीही त्यांच्याबरोबर आत येतात. त्यांची दखल न घेणारा उपचार सहसा उंबरठ्यावरच अडतो. अमेरिकेतील मायामी शहराचा अनुभव याचा बोलका दाखला आहे.

क्यूबात १९५९ साली क्रांती झाली आणि लक्षावधी लोकांनी देश सोडला. त्यांतील फार मोठा समुदाय मायामीत स्थिरावला. मुलांनी इंग्रजी भाषा व अमेरिकन राहणी झपाट्याने आत्मसात केली. आईवडिलांना ते तितके साधले नाही. परदेशी स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांनाही हे अंतर अपरिचित नसावे. १९७० च्या दशकात या समुदायातील काही मुले अमली पदार्थांकडे वळली. मायामी विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ होसे सापोच्निक हे स्वतः क्यूबात जन्मलेले. एकट्या मुलाशी दीर्घकाळ चालणारे संभाषण या कुटुंबांना रुचत नाही, असे त्यांना व सहकाऱ्यांना आढळले. सारे घर एकत्र बसावे, उपचारकाने वडीलधाऱ्याप्रमाणे स्पष्ट मार्ग दाखवावा, ही त्यांची अपेक्षा होती. साल्व्हादोर मिनुचिन यांच्या कुटुंबरचनेच्या विचाराशी तिची सांगड घालून अल्पकालीन कुटुंबोपचार तेथे आकाराला आला. प्रत्येक क्यूबन घर एकसारखे, असा अर्थ मात्र यातून काढू नये.

खरी अडचण कुटुंबाला आणण्याचीच होती. न येणे म्हणजे अनास्था, असा समज सर्वत्र असतो. सापोच्निक यांनी तो नाकारला. जी गुंतागुंत मुलाला बिघडवते, तीच घराला दारात अडवते, असे त्यांचे म्हणणे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १०८ कुटुंबे होती. नेहमीच्या रीतीने ४२ टक्के कुटुंबे उपचारात दाखल झाली, तर नव्या रीतीने ९३ टक्के.

ही नवी रीत साधीच होती. दार कोणी धरून ठेवले आहे, हे आधी ओळखायचे. मुलगाच घरावर हुकूमत गाजवीत असेल, तर प्रथम त्याला विश्वासात घ्यायचे. आई वडिलांना दूर ठेवीत असेल, तर तिच्या संमतीने उपचारकाने स्वतः वडिलांशी बोलायचे. आणि घरातील गुपित चव्हाट्यावर येण्याची धास्ती असेल, तर त्या व्यक्तीला आधीच सांगायचे, की मुलाला सावरण्यासाठी ते गुपित उघडण्याची गरज नाही.