खेळासाठीं डेस्कटॉप : कोणता व केवढ्याचा?

कसबा बावड्यांतील ज्या घराचे मोठे खर्च राजाराम कारखान्याच्या ऊसबिलावर बेतले जातात, त्या घरीं अभियांत्रिकी शिकणारा मुलगा डेस्कटॉप मागूं लागला, कीं वडिलांना पहिली शंका येते : यंत्र अभ्यासासाठीं कीं खेळासाठीं? खरें उत्तर दोहोंसाठीं असें असतें, आणि त्यांत लपविण्याजोगें कांहींच नाहीं. अडचण आहे ती पैशांची.

इंटेल व एएमडी यांच्या प्रोसेसरांची तुलना करणारे आलेख आतां घरोघर मोबाइलवर पाहिले जातात. मात्र ते काढतात कसे, इकडे श्रोत्यांनीं लक्ष द्यावें. परीक्षक अत्यंत महागडें ग्राफिक्स कार्ड लावितात आणि चित्र मुद्दाम १०८०पी एवढ्या लहान मापाचें ठेवितात. कारण चित्र मोठें केलें कीं सारा भार कार्डावर जातो व प्रोसेसरांतील अंतर मिटूं लागतें. या कसोटींत २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी आणि २०२४ चा ९८००एक्स३डी पुढें गेले, ते ९६ मेगाबाइट एल३ कॅशच्या बळावर. खेळाला वारंवार लागणारी माहिती हाताशींच सांपडते. रॅमपर्यंतची खेप वांचते. पण साधें कार्ड व ६० हर्ट्झचा मॉनिटर असलेल्या घरांत हा विजय दिसावा कसा? यंत्रानें सेकंदाला दीडशें चित्रें काढलीं, तरी पडदा साठच दाखविणार!

त्यापेक्षां सॉकेट पाहावें. एएमडीचें एएम४ सॉकेट २०१६ सालीं आलें. २०१७ च्या कित्येक मदरबोर्डांवर, बायोस नवें केल्यावर, २०२२ चा प्रोसेसर बसला. इंटेलचें एलजीए १७०० हें २०२१ चें. २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला मात्र वेगळें सॉकेट, म्हणून वेगळा मदरबोर्ड लागला. ज्यांना रक्कम टप्प्याटप्प्यानें काढावी लागते, त्यांना पहिली रीत परवडते. उलट एएम५ ला डीडीआर५ रॅमच चालते, आणि २०२५ अखेर रॅमचे भाव भडकले. जुनी डीडीआर४ घरांत असेल, तर एएम४ किंवा एलजीए १७०० चा डीडीआर४ बोर्ड अद्यापि हिशेबांत धरावा.

ॲपलचा मॅक मिनी थंड व वीज वांचविणारा खरा. परंतु मित्रमंडळी 'व्हॅलोरंट' खेळत असतील तर तो निरुपयोगी, कारण तो खेळ मॅकवर चालत नाहीं.

दुकानदार रंगीत दिव्यांचा तयार संच पुढें करील. तेव्हां प्रत्येक भागाची किंमत वेगळी लिहून मागावी. प्रोसेसरांत वांचलेले पैसे प्रथम ग्राफिक्स कार्डाकडे, मग चांगल्या एसएमपीएसकडे वळवावेत. दिवे शेवटीं.